‘सहज’वर खूण

"डॉक्टरांनी एवढं छान ऑपरेशन केलंय, आता ‘दुखतं’ कसं लिहू? त्यांना काय वाटेल!"

आई पेन हातात धरून तशीच बसली होती. गुडघा बदलून सहा महिने झाले, म्हणून आज तपासणीआधी ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’चा, म्हणजे गुडघ्याचा त्रास पेशंटनेच सांगायचा, फॉर्म भरायचा होता. १९९८ साली आलेले हे १२ प्रश्न. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. जितके जास्त तितकं बरं. आणि विचारणा फक्त गेल्या चार आठवड्यांची.

"गुडघे टेकून परत उठता येतं का?" मी वाचलं.

"टेकून बघितलंच नाही अजून. भीती वाटते."

आता याला खूण कुठे करायची? ‘सहज’पासून ‘अशक्य’पर्यंत पाच पर्याय आहेत, ‘भीती वाटते’ कुठेच नाही. ती सरळ ‘सहज’वर निघाली होती. मी थांबवणार होते, पण मग वाटलं, उत्तर तिचं आहे, माझं नाही. एक्स-रेमध्ये सांधा कसा बसलाय ते दिसतं. जिना उतरताना कठडा धरून तिची बोटं पांढरी पडतात, ते नाही दिसत. त्यासाठीच तर हा कागद! आणि त्यावरच ही भिडस्त बाई डॉक्टरांचं मन राखत बसलेली.

४३ गुण. डॉक्टर खूश, आईही खूश.

घरी आल्यावर गाडीतून उतरताना तिने तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला. गाडीत चढण्या-उतरण्याचाही प्रश्न होता फॉर्मवर. त्याला पूर्ण ४ दिलेत तिने.