बी.एड. करताना दिवस मोजा

बी.एड.ची चौकशी करायला आलेला माणूस पहिला प्रश्न सीईटीचाच, म्हणजे प्रवेश परीक्षेचाच विचारतो. महाराष्ट्रातली बी.एड. सीईटी म्हणजे १०० प्रश्न, ९० मिनिटं, बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजी माध्यमाचं कॉलेज हवं असेल तर ईएलसीटी हा वेगळा पेपर द्यावा लागतो. परीक्षेबद्दल एवढं पुरे. माणसं अडकतात ती तिच्या आधी आणि नंतर. आधी अडकतात ते पदवीचा विषय आणि मेथड, म्हणजे बी.एड.ला घेतलेली विषयाची अध्यापन पद्धती, जुळत नाही म्हणून, नंतर अडकतात ते दिवस भरत नाहीत म्हणून.

पात्रतेची अट दिसायला साधी आहे: पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. विज्ञान-गणिताचं विशेषीकरण असलेल्या इंजिनिअरिंग पदवीला ५५ टक्के लागतात, आणि हे बऱ्याच जणांना अर्ज भरतानाच कळतं. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारी स्वतः गुणाकार करून लिहू नका. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र किंवा दाखला मिळवा. राखीव जागेवर दावा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो हे धरून चाला. नॉन क्रीमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश उन्हाळा-पावसाळ्यात होतात, म्हणजे गेल्या वर्षीचा दाखला नेमका त्या वेळी निरुपयोगी झालेला असू शकतो.

आता मेथड. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर दोन अध्यापन पद्धती निवडायच्या असतात, आणि हा रकाना लोक दोन मिनिटांत भरून टाकतात. मैत्रिणीने घेतली म्हणून, सर चांगले आहेत म्हणून, पाठ सोपे जातात म्हणून. पुढे भरतीत जागा विषयानुसार निघते आणि तपासणारा माणूस पदवीचा विषय, बी.एड.ची मेथड आणि जाहिरातीतला विषय शेजारी शेजारी ठेवून बघतो. तिन्ही एका रेषेत असतील तर प्रश्नच येत नाही. बी.ए.ला इतिहास आणि मेथडला मराठी-हिंदी, अशी जोडी असेल तर स्पष्टीकरणं देत बसावं लागतं. म्हणून पहिली मेथड पदवीच्या मुख्य विषयाची, दुसरी पदवीला कुठल्या तरी वर्षी शिकलेल्या विषयाची, एवढं पथ्य पाळा.

कॉमर्सवाल्यांची अडचण थोडी वेगळी आहे आणि ती त्यांना कुणी आधी सांगत नाही. वाणिज्य हा विषय शाळेत दहावीपर्यंत नाहीच, तो अकरावीत सुरू होतो. अकरावी-बारावीला शिकवायचं तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतं. नुसत्या बी.कॉम.वर बी.एड. केलं तर हाती येते ती वाणिज्याची मेथड, आणि ती वापरायला वर्ग नाही. अशांनी एम.कॉम. आधी करावं, बी.एड. त्यानंतर. यात दोन वर्षं उशीर होतो, पण नंतरची धावपळ वाचते.

कॉलेज निवडताना दोन आदेश मागून बघा: राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीटीईची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता. ५० विद्यार्थ्यांचं एक युनिट असतं. मान्यतेच्या आदेशात जितकी युनिटं, तितकेच प्रवेश वैध. विशेष शिक्षणातलं बी.एड. मात्र एनसीटीईच्या नव्हे, भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतं. तिथे एनसीटीईचा कागद शोधत बसू नका.

दिवसांचा हिशेब एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीने घालून दिला. त्या नियमावलीने एका वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं केलं, आणि ते फार तर तीन वर्षांत पूर्ण करायचं असं ठरवलं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, त्यात प्रवेशाचे आणि परीक्षेचे दिवस धरायचे नाहीत. आठवड्याला किमान ३६ तास. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, शालेय आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. सगळी गंमत या ९० टक्क्यांत आहे.

शाळेशी संबंधित काम एकूण २० आठवड्यांचं आहे. त्यातले ४ आठवडे पहिल्या वर्षी शाळा बघण्यासाठी, निरीक्षणासाठी. उरलेले १६ आठवडे प्रत्यक्ष इंटर्नशिप, ज्याला जुन्या कॉलेजांत अजूनही छात्रसेवाकाल म्हणतात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १६ आठवड्यांचे ९६ दिवस होतात. त्यांचे ९० टक्के ८६.४, म्हणजे ८७ दिवस हजर राहायलाच हवं. हातात उरतात ९. या ९ दिवसांत आजारपण, घरातलं लग्न, स्पर्धा परीक्षेचा पेपर, एसटी चुकली, सगळं बसवायचं. वर्षभराच्या ८० टक्क्यांत ४० दिवसांची सवलत आहे, त्या अंदाजाने इंटर्नशिपमध्ये सुट्ट्या घेतल्या की निम्म्या वाटेतच गणित फसतं. शाळेला सुट्टी पडली तर तो दिवस कामाचा नाही, हेही लक्षात ठेवा. दिवाळीच्या तोंडावर इंटर्नशिप सुरू झाली तर ती कॅलेंडरवर दिसते त्यापेक्षा लांबच जाते. सत्रांची वाटणी आणि पाठांची संख्या विद्यापीठागणिक बदलते, म्हणून आपल्या विद्यापीठाची अभ्यासक्रम पुस्तिका पहिल्याच आठवड्यात काढून ठेवा. सीनियरने सांगितलेला आकडा जुन्या अभ्यासक्रमाचा असू शकतो.

हजेरी दोन ठिकाणी लागते: शाळेच्या मस्टरवर आणि कॉलेजच्या नोंदवहीत. महिनाअखेरीला मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का त्या त्या महिन्यातच घ्या. शेवटी एकदम घेऊ म्हणणाऱ्याला मुख्याध्यापकांची बदली झालेली सापडते.

शाळेत जाण्याआधी सूक्ष्म पाठ, म्हणजे काही मिनिटांचे छोटे सराव पाठ होतात. एका पाठात एकच कौशल्य: सज्जता प्रवर्तन (वर्गाला पाठासाठी तयार करणं), प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, दिग्दर्शन (करून दाखवणं), चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत लक्ष टिकवणं), प्रबलन (शाबासकी देणं), फलक लेखन. पूर्ण चक्र ३६ मिनिटांचं. ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (चुका-सुधारणा सांगणं), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. दहा जणांचा गट असेल तर एका कौशल्याला ३६० मिनिटं, सरळ सहा तास, म्हणजे आख्खा दिवस. म्हणूनच बहुतेक ठिकाणी पुनर्अध्यापन कागदावर होतं आणि वहीत तारीख पडते. हे चूक आहे, कारण सूक्ष्म पाठाचा सगळा जीव दुसऱ्या सहा मिनिटांत आहे. पहिल्यांदा कुणालाही घाम फुटतो. चूक कळल्यावर तीच सहा मिनिटं पुन्हा घेताना आवाज, हात आणि फळा जागेवर येतात. वेळ नसेल तर कौशल्यं कमी करा, चक्र तोडू नका. कॉलेज ऐकत नसेल तर चार जण मिळून रिकाम्या वर्गात घ्या.

पाठ टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याची वही बघून मार्गदर्शक प्राध्यापक दोन मिनिटांत माणूस ओळखतात. ते आधी उद्दिष्ट वाचतात. ‘विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजावे’ असं लिहिलं की लाल पेन बाहेर येतं, कारण समजलं हे तपासणार कसं? उद्दिष्टाचं स्पष्टीकरण, म्हणजे मूल काय करून दाखवेल ते, असं हवं: ‘विद्यार्थी बाष्पीभवन आणि उत्कलन यांतील फरक सांगतो’, ‘ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात याचे कारण देतो’. क्रियापद असं की मुलाने ते केलं की नाही हे वर्गात उभं राहून दिसावं. टाचणाच्या शेवटी जे मूल्यमापनाचे प्रश्न लिहिता, ते या क्रियापदांशी एकास एक जुळले पाहिजेत. फरक सांगतो असं उद्दिष्ट आणि शेवटी ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ असा प्रश्न, हे जवळजवळ प्रत्येक नवख्या वहीत सापडतं.

३५ मिनिटांच्या तासिकेची वाटणी साधारण अशी ठेवा: प्रस्तावना ५, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) १, विकसन (मुख्य शिकवणं) २०, संकलन (मुद्द्यांची उजळणी) ४, मूल्यमापन ४, गृहपाठ १. पाठ कोसळतो तो प्रस्तावनेत. ‘तुम्ही सकाळी उठल्यावर काय करता?’ पासून सुरू करून बाष्पीभवनावर पोचायला बारा मिनिटं जातात, मग विकसन घाईत आणि मूल्यमापन घंटेनंतर. प्रस्तावनेला तीन प्रश्न पुरतात आणि तिसऱ्याचं उत्तर मुलांना येऊ नये. येत नाही म्हणून तर आजचा पाठ. दुसरी खोड म्हणजे ‘समजलं का?’ असं विचारणं. याला वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो आणि निरीक्षक मागच्या बाकावरून त्याची खूण करून ठेवतो. त्याऐवजी तिसऱ्या रांगेतल्या एकाला उभं करा. फळ्यावर उजवीकडचा थोडा भाग आकृतीसाठी मोकळा ठेवा आणि मुख्य मुद्दे तास संपेपर्यंत पुसू नका, संकलन त्यावरूनच घ्यायचं असतं.

घटक चाचणीच्या अहवालात संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या उद्दिष्टाला कुठल्या प्रकारचे किती गुण याचा आराखडा असतो, आणि निम्म्या वह्यांत तो उलटा तयार झालेला असतो: आधी प्रश्नपत्रिका, मग तिला बसेल असा तक्ता. तो जुळत नाही कारण बेरीज दोन बाजूंनी यावी लागते. समजा २५ गुणांची चाचणी आहे. ५ वस्तुनिष्ठ प्रश्न एकेका गुणाचे, ६ लघुत्तरी दोन-दोन गुणांचे, २ दीर्घोत्तरी चार-चार गुणांचे. ५, १२ आणि ८, झाले २५. आता उद्दिष्टांना ज्ञान ५, आकलन १०, उपयोजन ७, कौशल्य ३ असा भार दिला तर कौशल्याचा तिसरा गुण वस्तुनिष्ठ प्रश्नातूनच काढावा लागतो, आणि आकृती काढायला लावणारा एका गुणाचा वस्तुनिष्ठ प्रश्न बनतच नाही. भार ज्ञान ६, आकलन १०, उपयोजन ७, कौशल्य २ करा. कौशल्याला एक लघुत्तरी. उपयोजनाला एक दीर्घोत्तरी, एक लघुत्तरी, एक वस्तुनिष्ठ. आकलनाला एक दीर्घोत्तरी आणि तीन लघुत्तरी. ज्ञानाला एक लघुत्तरी आणि चार वस्तुनिष्ठ. आडवी-उभी बेरीज दोन्हीकडे २५. तक्ता पक्का झाल्यावर मगच प्रश्न लिहायला बसा.

कृती संशोधनाबद्दल, म्हणजे वर्गातली एखादी अडचण उपाय करून तपासण्याच्या प्रकल्पाबद्दल एकच: समस्या लहान घ्या. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या समस्या’ हा प्रबंधाचा विषय झाला. ‘सातवीच्या एका तुकडीतल्या मुलांच्या जोडाक्षरांच्या चुका’ हे सोळा आठवड्यांत पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी करून संपतं.

बी.एड.नंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. प्रत्येकी १५० गुण, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के म्हणजे ९०, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. पेपर २ मध्ये बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना ३०-३०, आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एकाला ६०. हा ६० गुणांचा पर्यायही मेथडशी जुळवूनच घ्या. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. बी.एड.वाल्यांनी पेपर १ च्या मागे वेळ घालवण्यात अर्थ उरलेला नाही: ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते, बी.एड. चालत नाही. टीईटी टाळता येईल ही आशाही सोडा. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. नववी-दहावीला टीईटी नाही, तिथे पदवी आणि बी.एड.

भरती पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून होते आणि त्यासाठी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी. २०० प्रश्न, १२० मिनिटं, अभियोग्यतेचे १२० आणि बुद्धिमत्तेचे ८०. एका प्रश्नाला ३६ सेकंद. टीईटी आणि टेट ही नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो: पहिली पात्रता ठरवते, दुसरीच्या गुणांवर निवड होते. ही टेट दरवर्षी नसते. आतापर्यंत २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. त्यामुळे ‘या वेळी अनुभवासाठी देतो’ हे वाक्य इथे महागात पडतं.

आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव सगळीकडे तसंच्या तसं ठेवा. बी.एड. चालू असताना लग्न झालं आणि टीईटीचा अर्ज सासरच्या नावाने भरला की कागदपत्र पडताळणीत दोन वेगळ्या व्यक्ती उभ्या राहतात. नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, त्याच्या दोन छापील प्रती फाइलला लावा, आणि तोवरचे सगळे अर्ज जुन्याच नावाने जाऊ द्या.