रेनिनही कमी, अल्डोस्टेरॉनही कमी

ग्वाल्हेरला लष्कर भागात माझा दवाखाना. इथे गाणारे पुष्कळ, आणि गळ्याचे लाड करणारेही. आवाज सुधारावा म्हणून तानसेनच्या समाधीपाशी जाऊन चिंचेचा पाला खाणारं गाव हे!

गाणं शिकवणाऱ्या एक काकू आल्या. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन नेमाने चालू, तरी बीपी 178/104. तक्रार मात्र वेगळीच. "डॉक्टर, तंबोरा उचलायला हातात जोरच नाही हो. जिना चढताना मांड्या भरून येतात." पोटॅशियम निघालं 2.7. निदान 3.5 तरी हवं. लघवीची गोळी चालू नाही, उलट्या-जुलाब नाहीत.

बीपी चढलेलं आणि पोटॅशियम उतरलेलं, म्हणजे पहिला संशय अल्डोस्टेरॉन या संप्रेरकावर. एरवी रक्तदाब घसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन 2 तयार होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, शिवाय मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवून घेतं. अल्डोस्टेरॉन मीठ राखतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. ग्रंथीत गाठ असली तर ते विनाकारण पाझरत राहतं. जेरोम कॉन यांनी 1955 साली हा आजार मांडला.

रिपोर्टात अल्डोस्टेरॉन तळाला. रेनिनही तळाला, आणि तेही टेल्मिसार्टन चालू असताना! ती गोळी अँजिओटेन्सिन 2 ला अडवते, म्हणजे खरं तर रेनिन वाढायला हवं. शरीराने आपले दोन्ही नळ घट्ट बंद केले होते, तरी मीठ साठतच होतं.

मग खाण्यापिण्याची उलटतपासणी. पापड, लोणचं, काढे, चूर्ण? "छे हो, काही नाही." असं म्हणत काकूंनी पर्समधून स्टीलची डबी काढली आणि एक काडी दाढेखाली धरली. जेष्ठमध!

"शिकवण्या असल्या की दिवसभर तोंडात असतो. ते काय औषध थोडंच?"

कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही अल्डोस्टेरॉनच्याच जागी बसू शकतं, आणि रक्तात ते कितीतरी पट जास्त असतं. मूत्रपिंडातलं एक एन्झाइम त्याचं कॉर्टिसोन करून त्याला निष्प्रभ करतं, म्हणून निभावतं. जेष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नेमकं त्या एन्झाइमलाच अडवतं, मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं. 1946 साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी अल्सरसाठी जेष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा काही रुग्णांना सूज आली होती. चिमूटभर कधीतरी चघळणाऱ्याला सहसा काही होत नाही. रोजचा दिवसभराचा रतीब वेगळा.

डबी बंद केली, पोटॅशियम दिलं. हा परिणाम ओसरायला आठवडे लागतात, तसे लागले. आता एका गोळीवर बीपी 132/80.

"पण गळ्याचं काय?" काकूंचा प्रश्न.

"कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा. फक्त गिळू नका."