अधिक तीस, उणे तीस

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलचे कॉम्प्युटर मी बघतो. ओपीडीत टोकन पुकारायला एक जुना पीसी आहे, त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम. ऐन पावसाळ्यात रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला, "दादा, नवा स्पीकर बसवला तरी आवाज फाटतोच आहे. तेवीस की तेहेतीस, पेशंटना कळत नाही."

जाऊन ऐकलं. आवाज मोठा नव्हता, नुसता तडतडत होता. अँप्लिफायरचं बटण मात्र कुणीतरी पार तळाला नेऊन ठेवलेलं. तिथेच संशय आला. म्हणजे मधे कधीतरी आवाज असह्य झाला असणार. टर्मिनल उघडून 'पीएक्टल' या आवाजाच्या कमांडला पातळी विचारली, तर १२० टक्के!

या पीसीवर आवाज सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे पल्सऑडिओ. ते १००च्या पुढे जाऊ देतं, पण तो जोर साउंड कार्डाचा नसतो. सॉफ्टवेअर आकडे फुगवतं आणि ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात. मग अँप कितीही बारीक करा, छाटलेलं परत येत नाही. त्यात स्पीकरचा काय दोष?

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या सोयीत, आधीच्या माणसाची स्क्रिप्ट सापडली: रात्री १० वाजता उणे ३० टक्के, सकाळी ६ वाजता अधिक ३०. हात जाणता होता. क्रॉनमधून पल्सऑडिओ सापडावं म्हणून 'एक्सडीजी रनटाइम डिर' हा पत्ता नीट दिलेला. भल्याभल्यांची गाडी तिथेच अडते. फक्त लाइट जाते, हे त्याने धरलं नव्हतं.

"ताई, रात्री दहाच्या सुमाराला लाइट जाते का?"

"कधी नाही जात ते विचारा. जनरेटर आयसीयूला, आम्हाला कुठला!"

झालं. दहाला पीसी बंद असला की उणे ३० राहून जातं. क्रॉन हुकलेलं काम मागाहून करत नाही. लाइट आल्यावर पीसी आपोआप सुरू होतो आणि पल्सऑडिओला जुनी पातळी आठवते. दिवसाचे ६० तसेच राहतात, सकाळी त्यांचे ९० होतात. पुन्हा एकदा तसंच झालं की १२०.

बेरीज-वजाबाकी काढून टाकली. दिवसा थेट ६०, रात्री थेट ३०. शिवाय लॉगिन झाल्याबरोबर घड्याळ बघून दोन्हींतलं योग्य ते लावायचं. अँपचं बटण मधोमध आणून त्यावर चिकटपट्टी मारली.

स्टोअरमधला जुना स्पीकर जोडून पाहिला. खणखणीत! मॅनेजरसाहेब नव्याच्या बिलाकडे बघत म्हणाले, "असू दे, हा मेडिकलच्या काउंटरला लावून टाक."