न ऐकू येणारी घंटी आणि डोंगरीचा माल

बाबा ऑक्टोबरात आमच्याकडे ऑक्सफर्डला आले तेव्हा त्यांच्या बॅगेतून दोन किलो चिन्नोर तांदूळ निघाला, आईच्या हातचं लोणचं निघालं आणि तळाशी एक स्टीलचा टॉर्च. दोन जाडे सेल लागणारा.

"बाबा, इथे लाइट जात नाहीत."

"हाव, पण असलेला बरा."

बाबांची सगळी नोकरी डोंगरी बुजुर्गच्या खाणीत गेली. आमच्या तुमसर तालुक्यातली ही उघडी खाण मँगनीजचीच, पण थोडी वेगळी. मँगनीज म्हटलं की एरवी ते पोलादाच्या कारखान्यांकडे जातं. डोंगरीचा माल मँगनीज डायऑक्साइडचा, आणि तो लागतो सेलला. लहानपणी ज्यांनी सेल फोडला असेल त्यांनी तो पाहिलाय. मधल्या कार्बनच्या कांडीभोवती ठासून भरलेली, हात काळेकुट्ट करणारी भुकटी असते ना, तीच. बाहेर जस्ताचा डबा, मध्ये नवसागराची खळ (तोच तो, कल्हईवाल्याचा) आणि आत ही भुकटी. जस्त झिजता झिजता इलेक्ट्रॉन सोडतं, ते बल्बमधून फिरून भुकटीकडे येतात, आणि आपल्याला लोडशेडिंगमध्ये विहिरीची वाट दिसते.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली तेव्हा त्यात नवीन फार थोडं होतं. म्हणून बाबांना कॉलेजं, चर्चं दाखवायच्या आधी मी त्यांना विद्यापीठाच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत नेलं. नवरा भौतिकशास्त्र विभागात नोकरीला आहे, त्यामुळे आत जायला अडचण आली नाही.

तिथे काचेआड एक घंटी आहे. खरं तर दोन. पितळेच्या छोट्या घंट्या, प्रत्येकीच्या वर गंधकाचा लेप दिलेला एक उभा खांब आणि मधोमध टांगलेली चार मिलिमीटरची धातूची गोळी. गोळी एका घंटीला टेकली की तिच्याकडून विद्युतभार घेते. मग दोघींचा भार सारखा झाल्यामुळे घंटी तिला ढकलून देते आणि ती दुसरीकडे जाते. तिथेही तेच. सेकंदाला साधारण दोन हेलकावे. शेजारच्या जुन्या चिठ्ठीवर लिहिलंय की हे १८४० साली सुरू केलं. अक्षर रॉबर्ट वॉकर नावाच्या प्राध्यापकांचं. तेव्हापासून, दमट हवेत अधूनमधून झालेली थांबाथांब सोडली, तर चालूच आहे. आजवर घंटी १० अब्ज वेळा वाजली असावी असा अंदाज आहे.

बाबा काचेला नाक लावून उभे. "पण वाजून राहिली कुठं?"

वाजते, पण काच दुहेरी आहे. एका जागी बसून रोज ती टिकटिक ऐकणाऱ्यांचं काय झालं असतं, विचार करा.

खांबांत काय आहे, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही. बघायचं तर फोडावं लागेल, आणि फोडलं तर प्रयोग संपला. घंटी आपणहून बंद पडेपर्यंत कुणी हात लावणार नाही. बहुतेक त्यांत झाम्बोनी पद्धतीची चळत, म्हणजे जुन्या काळची बॅटरी, असावी. जुझेप्पे झाम्बोनी हा इटलीतला धर्मगुरू. त्याने १८१२ साली कागदाच्या चकत्यांना एका बाजूने धातूचा पातळ पत्रा आणि दुसऱ्या बाजूने मँगनीज डायऑक्साइड लावून अशा शेकडो-हजारो चकत्या एकावर एक रचल्या. त्यातून विजेचा दाब प्रचंड मिळतो, प्रवाह मात्र जवळपास नाहीच. या घंटीचा दाब सुमारे दोन हजार व्होल्ट आहे आणि प्रवाह अँपिअरच्या अब्जाव्या भागाइतका. खर्चच नाही, तर पुंजी संपणार कशी?

मँगनीजचं नाव निघताच बाबा सरसावले. "चिमूटभर दिली तर सांगतो मी, कोणत्या प्रतीचा माल आहे तो." हे त्यांनी मराठीत म्हटलं म्हणून बरं.

तिथून पाच-दहा मिनिटं चाललं की साउथ पार्क्स रोडवर अकार्बनी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा लागते. भिंतीवर निळी पाटी. १९८० साली इथे जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा, फिलिप जोन्स आणि फिलिप वाइझमन यांनी लिथियम-आयन बॅटरीचा कॅथोड, म्हणजे तिच्या धन टोकाचा पदार्थ, शोधला. तुमच्या हातातल्या मोबाइलची वंशावळ या दारापाशी येते.

बाबांना मी चिरोट्यावर समजावलं. कोबाल्ट आणि ऑक्सिजनचे पदर, आणि दोन पदरांच्या मध्ये साखरेसारखं भुरभुरलेलं लिथियम. चार्ज करताना ते पदरांतून बाहेर काढायचं, वापरताना परत आत येऊ द्यायचं. साधारण अर्ध्यापेक्षा जास्त काढलं की चिरोटा ढासळायला लागतो. त्याआधी स्टॅन्ली व्हिटिंगहॅमनी हेच टायटॅनियम सल्फाइडच्या पदरांत करून दाखवलं होतं, पण दाब मिळायचा दोन-अडीच व्होल्ट. गुडइनफ यांचा तर्क असा की गंधकाऐवजी ऑक्सिजन घेतला तर दाब वाढेल. निघाला चार व्होल्ट. आणि लिथियम आधीपासून कॅथोडातच असल्यामुळे दुसऱ्या बाजूला लिथियम धातू वापरायची गरज उरली नाही. त्या धातूला चार्ज करताना मिशा फुटायच्या, त्या पलीकडे टेकल्या की शॉर्टसर्किट आणि आग. १९८५ साली जपानात अकिरा योशिनोंनी तिथे कार्बन बसवला, आणि १९९१ साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली.

आता माझं दुखणं. विद्यापीठाला याच्या पेटंटसाठी पैसे घालावेसे वाटले नाहीत. हक्क गेले जवळच्याच हार्वेलच्या अणुऊर्जा संस्थेकडे, आणि गुडइनफ यांना रॉयल्टीचा छदाम मिळाला नाही. न ऐकू येणाऱ्या घंटीला दुहेरी काच, आणि हा शोध सोडून दिला! नोबेल आलं २०१९ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत. स्टॉकहोमला गुडइनफ यांच्या वतीने व्याख्यान दिलं ते त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या तमिळनाडूच्या अरुमुगम मंथिराम यांनी.

"अन् हा मिझुशिमा?" बाबांनी पाटीवर बोट ठेवलं.

नोबेलमध्ये त्यांचं नाव नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण खाणीत साहेब आला की फोटोत कोण उभं राहतं, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही कालव्याच्या काठाने फिरत होतो. थंडी अशी, की माझा मोबाइल वीस टक्के चार्जिंग दाखवत असताना गपकन बंद पडला. गारठ्यात लिथियमची ये-जा मंदावते, तसंच झालं असणार. रस्ता काळोखाचा, पायाखाली चिखल. बाबांनी काही न बोलता कोटातून टॉर्च काढला.

घरी येईपर्यंत त्याचा उजेडही पिवळा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर दोन्ही सेल खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी, ऊन खायला ठेवलेले. चार दिवस तिथेच होते. ऊन काही आलं नाही.