भिगवणच्या पाण्यावर ठरली दुसरी लेन्स

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण येतं. तिथून आत कुंभारगाव. उजनी धरणाचा फुगवटा इथे शेतांना येऊन भिडलाय आणि त्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. पक्षी बघायचे होतेच, पण या खेपेला आणखी एक काम होतं. माझ्या कॅनन १५००डी कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सला जोडीदार शोधायचा होता आणि बजेट होतं दहा हजारांचं.

निघण्याआधी जुने फोटो काढून बसले आणि प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर घेतलाय ते पाहिलं (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). निम्म्याहून जास्त थेट ५५ वर! म्हणजे मला पुढे जायचं होतं आणि लेन्स तिथेच संपत होती. दुसरी लेन्स घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं असं मी कळकळीने सांगेन. फोटो १८ वर अडकलेले असतील, तर तुमची गरज वेगळी आहे. लांब पल्ल्याच्या लेन्सवर पैसे घालूच नका.

तरी ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्सचा मोह सुटत नव्हता (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). इवलीशी, हलकी, आणि माझ्या लेन्सच्या ५५ वरच्या एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेणारी. मग ती मावसभावाकडून मागून घेतली, ५५-२५० एसटीएम ही लांब पल्ल्याची लेन्स पुण्यात भाड्याने मिळाली, आणि दोन्ही घेऊन निघाले. ७५-३०० आधीच बाद केली होती. आकडा मोठा दिसतो, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरायची सोय नाही.

उजाडता उजाडता नाव सुटली. थव्याच्या अलीकडेच नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बांबू टेकवत नाव पुढे सरकवायला लागला. मी कॅमेरा घेऊन अर्धवट उठले तसा म्हणाला, "ताई, उभ्या राहू नका, पाखरं उठत्यात." मग फळीवर बसूनच, कोपर गुडघ्यावर टेकवून फोटो घेतले. २५० वर रोहित पहिल्यांदा नीट दिसला. चोच पाण्यात उलटी बुडवून चिखल गाळत होता. मान वर केली तेव्हा गुलाबी चोचीच्या काळ्या टोकावरून पाणी ओघळत होतं आणि फिकट पिवळा डोळा सरळ माझ्यावर रोखलेला. ५५ वर हाच पक्षी एक गुलाबी ठिपका होता.

२५० म्हणजे या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या भागावर) मोठ्या सेन्सरवरच्या ४०० सारखी चौकट. स्टॅबिलायझेशन नसेल तर हातात धरून किमान १/४०० सेकंद तरी शटर हवं. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप सावरतं. पक्ष्याचं उडणं त्याला थांबवता येत नाही. थवा उठला तेव्हा १/१२५० ठेवलं आणि आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवला. फोटोत दाणे आले, पण पंखांचा लाल-काळा रंग हलला नाही. मला हा सौदा कधीही मान्य आहे. ऊन तापल्यावर मात्र पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो कोणत्याही लेन्सने मऊच येतात. म्हणून माझं मत असं, की लेन्सवर जादा खर्च करण्यापेक्षा सकाळच्या पहिल्या नावेचे पैसे मोजावेत.

दुपारी ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या घरी चिलापी मासळी तळत होती. तिथे ५० लावली. चुलीच्या उजेडात भाकरी थापणारे मावशींचे हात असे आले, की तासभर तेच बघत बसावं. पण खोली लहान. पाठ भिंतीला टेकली तरी मावशी आणि चूल एका चौकटीत मावेनात. या कॅमेऱ्यावर ५० म्हणजे ८० सारखी चौकट होते. घरातल्या फोटोंसाठी ही लेन्स घेणाऱ्यांनी आपली खोली आधी डोळ्यासमोर आणावी.

पुढच्या आठवड्यात मुंबईत काम होतं, तेव्हा सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्यांच्या दुकानांत गेले. वापरलेल्या ५५-२५० पाहिल्या. मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरपा टाकायचा आणि पुढून बघायचं: एकीत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे होते. ती बुरशी. मुंबईच्या दमट हवेत लेन्स कपाटात पडून राहिली की हे होतं आणि ती काचेवरचं कोटिंग खाते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळो, ठेवून द्यायची. दुसरीची काच स्वच्छ, कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूचे (माउंटवरचे) सोनेरी ठिपके चकचकीत. ५५ आणि २५० दोन्ही टोकांना ऑटोफोकस तपासला, रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोटो काढून पडद्यावर मोठे करून पाहिले. थोडी घासाघीस करून बजेटात बसवली. फिल्टरही नवा लागला नाही, १८-५५ आणि ५५-२५० दोन्हींना ५८ मिलिमीटरचाच चालतो. उरलेल्या पैशांत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पाकिटं घेतली. ५० चा नंबर पुढच्या दिवाळीत.