ओवीतला वाद : जुनं गोवें, रायतूर, कुंकळ्ळी

खरा धर्म कोणता आणि खोटा कोणता, हा वाद गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकात पेटला तेव्हा त्यातला मोठा भाग मराठीत झाला, तोही ओवीत. आपल्याकडे हे फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तलं मराठी भाषेचं कौतुक उद्धृत होतं आणि विषय तिथेच संपतो. त्या ओव्या कुठे लिहिल्या गेल्या आणि आसपास तेव्हा काय चाललं होतं, हे बघायला दोन दिवस पुरतात.

क्रम मात्र पाळावा. बहुतेक जण मडगावला उतरतात आणि जवळ म्हणून आधी कुंकळ्ळीला जातात. मग १५८३ची पाद्र्यांची कत्तल आधी भेटते आणि तिची कारणं मागाहून. मी करमळीला उतरून जुन्या गोव्यापासून सुरुवात करतो. करमळीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे तिकीट काढण्याआधी थांबा तपासावा. थिवीला उतरायची वेळ आली तर पणजीमार्गे बसने यावं लागतं आणि निम्मी सकाळ त्यात जाते.

जुन्या गोव्यात सगळी गर्दी बॉम जेझस आणि से कॅथेड्रलमध्ये असते. आपल्याला आधी फोंड्याच्या बाजूला जायचंय. जेझुइटांच्या, म्हणजे येशूसंघाच्या पाद्र्यांच्या, सेंट पॉल कॉलेजच्या इमारतीतली एक कमानीची दर्शनी भिंत तेवढी तिथे उरली आहे. मागे काही नाही, त्यामुळे रिक्षावाले थांबायला नाखूश असतात. एबिसिनियाला, म्हणजे इथिओपियाला, निघालेला एक छापखाना १५५६मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे गेलाच नाही. तो या कॉलेजात बसवला गेला. भारतात यंत्रावर छापलेला पहिला मजकूर इथलाच आणि तो होता वादसभेची प्रमेयं. विद्यार्थ्याने मुद्दे जाहीर करायचे, इतरांनी ते खोडायचे, त्याने तर्काने सावरायचे, अशी ती शिस्त. त्या छापील पानांची एकही प्रत आज उरलेली नाही. पण हे लक्षात ठेवून भिंतीसमोर उभं राहिलं की पुढचं सगळं नीट लागतं. या लोकांना वाद कसा घालायचा हे रीतसर शिकवलेलं होतं. फक्त त्या सभेत वादी आणि प्रतिवादी एकाच धर्माचे असत.

बाहेरच्यांशी वाद घालायचा तर त्यांची पुस्तकं हवीत. ती कशी मिळवली हे बघायला व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर यावं आणि फेरीबोटीने दिवाडीला जावं. जेझुइट लुईश फ्रॉइशच्या १५५९च्या पत्रात हा प्रकार आला आहे. बाटलेल्या एका ब्राह्मणाच्या मदतीने, गव्हर्नरच्या संमतीने, दिवाडीतल्या एका विद्वानाच्या घरातून त्याने अनेक वर्षं खपून जमवलेल्या पोथ्या उचलून आणल्या. त्यांतले भाग पोर्तुगीजमध्ये उतरवले गेले आणि ब्राह्मणांना समोर बसवून त्यांच्याच ग्रंथांतल्या कथांवर त्यांना निरुत्तर करायला वापरले गेले. दिवाडीला त्या घराची खूण नाही, पाटी नाही. शोधायला जाऊ नये, बोटीतून बेट बघितलं तरी चालतं. रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेली त्या काळातली हस्तलिखितं मात्र पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आजही आहेत. म्हणजे गोव्यातली सर्वांत जुनी कोंकणी-मराठी गद्यकथा वाचायची असेल तर ती प्रतिपक्षाच्या कपाटात सापडते.

वाद फक्त हिंदूंशी नव्हता. गोव्याचा पहिला आर्चबिशप गास्पार लेयांव याने १५६५मध्ये ज्यूंना उद्देशून एक पत्र इथेच छापलं आणि त्याला दीडशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या एका स्पॅनिश ज्यूचा खंडनग्रंथ जोडला. तोवर इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. पत्राला उत्तर देईल असा कोण उरला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

दुसऱ्या दिवशी रायतूर. इथे अर्धा दिवस तरी द्यावा, कारण सगळे धागे इथे एकत्र येतात.

नावांचा घोळ आधी सोडवू. नकाशावर राशोल किंवा राचोल, लोकांच्या तोंडी रायतूर. मडगावहून सहा-सात किलोमीटर. वाटेत राय नावाचं वेगळं गाव लागतं. तिथेही ‘अवर लेडी ऑफ स्नोज’ नावाचं चर्च आहे आणि रायतूरलाही त्याच नावाचं. कंडक्टरला फक्त ‘स्नोजचं चर्च’ म्हटलंत तर तो रायला उतरवणार. ‘रायतूर सेमिनरी’ म्हणावं, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा. सेमिनरीत तिचं स्वतःचं, संत इग्नेशियसचं चर्च आहे, ते निराळं. आपल्याला बघायची ती थडग्याची शिळा सेमिनरीत नाही, गावच्या पॅरिश चर्चमध्ये आहे. हे चर्च मिस्साच्या वेळेखेरीज बंद असेल असं धरूनच निघावं. रविवारी सकाळी मिस्सा आटोपल्यावर लगेच विचारलं तर आत सोडतात. मिस्सा चालू असताना शिळा शोधत फिरू नये.

ही शिळा दियोगु रॉड्रिग्जच्या थडग्याची. तो रायतूरच्या किल्ल्याचा कप्तान होता. १५६७मध्ये त्याने साष्टीतली, म्हणजे मडगावच्या आसपासच्या मुलखातली, सुमारे २८० देवळं पाडली. शिळेवर त्याची ओळखच ‘या मुलखातली देवळं ज्याने पाडली तो’ अशी कोरली आहे. मृत्यू २१ एप्रिल १५७७. जुन्या पोर्तुगीज लेखांत आडनावं आखडून कोरतात, इथेही तसंच आहे. पूर्ण ‘रॉड्रिग्ज’ शोधत बसलात तर शिळा नजरेतून सुटते. त्यापेक्षा शेवटचं साल शोधावं.

त्याच १५६७ साली गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. धाकदपटशाने कुणाला धर्मात आणू नये, असं तिने ठरवलं. त्याच परिषदेने देवळं पाडावीत, हिंदूंचे ग्रंथ आणि पुरोहित हद्दपार करावेत, असंही ठरवलं. हिंदूंच्या याद्या करून त्यांना रविवारी प्रवचनाला बसवायचे हुकूम पाठोपाठ निघाले. मला यात निव्वळ ढोंग दिसत नाही. त्यांच्या तर्कात हे बसत होतं. माणसावर जबरदस्ती करायची नाही, पण त्याच्याभोवती दुसरा आवाजही राहू द्यायचा नाही. मग त्याला जे पटेल ते त्याने ‘स्वेच्छेने’ पटवून घेतलं असं म्हणता येतं.

या शांततेत फादर थॉमस स्टीफन्स लिहायला बसला. इंग्लंडातला विल्टशर परगण्यातला माणूस, १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात आला आणि १६१९मध्ये वारला. मधली बहुतेक वर्षं साष्टीत. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये इथे, रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, आणि दुसऱ्यात ५९. सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला तशीच दुसरी का देत नाही? साऱ्या ग्रंथाचं कारण या एका प्रश्नात आहे. पोथ्या गेल्या होत्या, पण ऐकायची सवय गेली नव्हती. सेमिनरीच्या अंगणात उभं राहून मला दर वेळी हा ब्राह्मण आठवतो. त्याला बोलू दिलंय, पण उत्तर तयार असलेलाच प्रश्न त्याच्या तोंडी घातलाय.

स्टीफन्सची हुशारी शब्दांत आहे. स्वर्गाला तो ‘वैकुंठ’ म्हणतो. जुना शब्द फेकायचा नाही, त्यातला रहिवासी बदलायचा. त्याच्यामागून आलेला फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा असा आडवळणाने जात नाही. संत पीटरवरचं त्याचं पुराण १६२९ आणि १६३४मध्ये दोन भागांत निघालं. पीटरचं चरित्र हे निमित्त, हिंदू मतांचं खंडन हे काम, आणि ते पोर्तुगीज मथळ्यातच सांगून टाकलंय. देवांच्या कथा घ्यायच्या, त्यांतली विसंगती दाखवायची, मग म्हणायचं की हा परमेश्वर कसा? रचना तशीच आपल्या ओळखीची, सूर मात्र खटला चालवणाऱ्याचा. काव्य म्हणून स्टीफन्स शंभर पटींनी सरस, पण वाद कसा चालायचा हे समजून घ्यायला क्रुवाच वाचावा लागतो. देवळातल्या कथा-पुराणांची माहिती त्याला दांडगी आहे. चोरलेल्या पोथ्या वाया गेल्या नव्हत्या.

दोन्ही ग्रंथ रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्सला ते खुपत होतं. १६०८मध्ये त्याने रोमला लिहिलं की मरण्यापूर्वी इथल्या लिपीत पुस्तकं छापलेली बघायची आहेत, अक्षररूपं सहाशेच्या घरात जातात पण दोनशे साच्यांत भागवता येईल. तसं झालं नाही. देवनागरीतलं एक हस्तलिखित लंडनमध्ये आहे. सेमिनरीत येण्याआधी १९५६ची शांताराम बंडेलूंची देवनागरी आवृत्ती चाळून यावं. रोमन पाठ वाचायचा असेल तर एवढं पुरतं : व्यंजन दुहेरी दिसलं की ते मूर्धन्य धरायचं, म्हणजे दोन न असले की ण, दोन ल असले की ळ, दोन त असले की ट. ‘एक्स’ हे अक्षर दिसलं की श किंवा ष. शब्दाच्या शेवटचा म उच्चारायचा नाही, तो अनुस्वार आहे. नवखे वाचक इथेच अडतात. ‘दुसरें’ला ‘दुसरेम’ वाचतात, मग छंद मोडतो आणि स्टीफन्सला मराठी येत नव्हतं असा निष्कर्ष निघतो.

सेमिनरी चालू आहे, वर्ग भरतात. दारात विचारून, अंगभर कपड्यांत जावं, फोटोआधी पुन्हा विचारावं.

रायतूरहून शिरोड्याची फेरी जुवारी ओलांडते. नकाशा बघून लोक तिला टाळतात, कारण रस्त्याने फिरून जाणं सोयीचं. ही टाळू नये. अलीकडचा काठ साष्टी, पोर्तुगीजांचा. पलीकडचा अंत्रुज, म्हणजे फोंड्याचा भाग, तेव्हा आदिलशाहीत. रायची कामाक्षी या बाजूने निघून शिरोड्याला गेली आणि अजून तिथेच आहे. लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला गेला. ज्यांना वादात तोंड उघडता येत नव्हतं त्यांनी नदी ओलांडून उत्तर दिलं. फेरी काही मिनिटांची आहे. संध्याकाळी परतीची शेवटची वेळ धक्क्यावरच विचारून घ्यावी.

मग कुंकळ्ळी. मडगावहून कारवारच्या रस्त्याला, बसची कमतरता नाही. रेल्वेने बाळ्ळी जवळ. १५८३च्या जुलैत इथे पाच जेझुइट मारले गेले. ते चर्चसाठी जागा बघायला आणि क्रूस रोवायला आले होते. देवळं जाळलेलं हे गाव सारा द्यायला तयार नव्हतं. पाचांबरोबर एक पोर्तुगीज आणि १४ स्थानिक ख्रिस्तीही गेले, प्रेतं विहिरीत टाकली गेली. पाचांचा म्होरक्या होता रोदोल्फो अक्वाविवा.

हा अक्वाविवा १५८०च्या फेब्रुवारीत फतेहपूर सिक्रीला अकबरासमोर उभा होता. तिथे १५७५पासून इबादतखान्यात मुल्ला, पंडित, जैन, पारशी सगळे वाद घालत. अक्वाविवाने कुराणावर तिखट टीका केली, मुल्लांनी बायबल पालटलेलं असल्याचा नेहमीचा आक्षेप घेतला. दोघांनी आपापला ग्रंथ घेऊन आगीत शिरावं अशीही सूचना आली, ती त्याने नाकारली. तीन वर्षं हे सारं बोलूनही तो जिवंत परतला. गोव्यात येऊन दोन-अडीच महिने झाले असतील-नसतील, आणि आपल्याच राज्यात मेला. सिक्रीत मत मांडायला परवानगी होती म्हणून तलवार निघाली नाही, असं सोपं समीकरण मी करणार नाही. तिथे अक्वाविवाच्या मागे सैन्य नव्हतं आणि त्याने कुणाचं देऊळ पाडलं नव्हतं, इतकंच.

नंतर कुंकळ्ळीच्या गावकर प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यावर बोलावून मारलं. १६ जण किल्ल्यावर गेले होते, त्यांतला एक तेवढा निसटून कारवारकडे पळाला. त्यांचं स्मारक आता कुंकळ्ळीत आहे. पाद्र्यांच्या स्मृतीचं चॅपलही गावातच. दोन्ही बघावीत, एकच बघून परतणारे फार. असोळण्याला किल्ल्याचं जवळपास काही उरलेलं नाही. वेळ कमी असेल तर तो फाटा सोडावा आणि फातर्प्याला जावं, कारण कुंकळ्ळीची शांतादुर्गा तिथे गेली. अजून तिला कुंकळ्ळीकरीणच म्हणतात. फाल्गुनात ती छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते, बारा वांगडांच्या, म्हणजे गावकर घराण्यांच्या, बारा छत्र्या. त्या दिवशी हमरस्ता गुलालाने भरतो आणि वाहनं तासन्‌तास अडतात, म्हणून बसवर भरवसा ठेवू नये, बाळ्ळीहून चालत यावं.

अक्वाविवाची आणि इतर चौघांची प्रेतं बाहेर काढवून आणली ती स्टीफन्सने. पुरली रायतूरला, त्याच ‘स्नोज’च्या चर्चमध्ये, जिथे दियोगु रॉड्रिग्ज होता. १५९७मध्ये अस्थी सेंट पॉल कॉलेजात नेल्या. कॉलेज ओस पडलं, आणि १८६२मध्ये त्या से कॅथेड्रलमध्ये आल्या. पहिल्या दिवशी गर्दी टाळायला ते कॅथेड्रल सोडलं असेल, तर करमळीची गाडी पकडण्याआधी तासभर हाताशी ठेवावा.