तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिओचा पाय पन्नाशीत का थकतो?

ठाण्यात, नौपाड्यात मी फिजिओथेरपी करते. पोलिओ होऊन गेलेली माणसं मला एक गोष्ट हमखास विचारतात: लहानपणी सावरलो, नोकरी केली, वर्षानुवर्षं स्टेशनचे जिने चढलो, मग आता पन्नाशीत हा पाय का दगा देतोय? लगेच घरचं कुणीतरी म्हणतं, "व्यायाम सोडला ना, म्हणून!"

नाही हो. त्या पायाने आजवर झेपेल त्याहून जास्तच काम केलंय.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. अशी एकेक पेशी स्नायूतले कितीतरी तंतू सांभाळते. पोटरीत तर हजाराहून जास्त. ती मेली की तिचे तंतू पोरके होतात. मग वाचलेल्या शेजारणीच्या टोकांना काही दिवसांतच नवे फाटे फुटतात आणि ते या पोरक्या तंतूंना जाऊन जोडले जातात. शाळेत एका वर्गाच्या बाई आल्या नाहीत की शेजारच्या बाई दोन्ही वर्ग बघतात, तसंच.

या फाट्यांना वाट कशी सापडते, हे मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. नस आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे नसेच्या टोकाला वेढून तिची देखभाल करणाऱ्या पेशी असतात, त्यांना श्वान पेशी म्हणतात (श्वान हे एका शास्त्रज्ञाचं नाव). नस गेली की या पेशी लांब धागे काढतात, शेजारच्या जिवंत जोडापर्यंत पोचवतात, आणि नवा फाटा त्या धाग्यांच्या आधाराने येतो. यंग-जिन सोन आणि वेस्ली थॉम्पसन यांनी 1995 मध्ये उंदरांच्या स्नायूंत हे दाखवलं. आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झालं तेही त्याच वर्षी.

ही भरपाई इतकी चोख असते की निम्म्या चेतापेशी गेल्या तरी हाताने जोर तपासताना स्नायू जवळजवळ ठणठणीत वाटू शकतो. पण तिला मर्यादा आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एक चेतापेशी मूळच्या साधारण पाचपट तंतूंपर्यंत वाढते. त्यापुढचे तंतू पोरकेच राहतात आणि सुकतात.

ईएमजी, म्हणजे स्नायूतल्या विजेच्या लहरी टिपणारी तपासणी, करताना हे कानांनी ऐकू येतं, कारण यंत्र त्या लहरींचा आवाज करतं. एकेक ठोका म्हणजे एकेक चेतापेशी, तिच्या सगळ्या तंतूंसकट. स्नायूत बारीक सुई घालून पूर्ण जोर लावायला सांगितलं की निरोगी मांडीतून दाट, सलग खरखर येते, एकही ठोका वेगळा काढता येत नाही. एका बाईंच्या मांडीतून मोजकेच, मोठमोठे ठोके येत होते. सुटे आणि भराभर. चालताना त्या तळहाताने मांडी मागे दाबायच्या, गुडघा दुमडू नये म्हणून. लहानपणी लागलेली सवय मधे सुटली होती, ती परत आली होती. घरात सगळे त्यांना "आळस झटक" म्हणत होते. मला याचं फार वाईट वाटतं.

आता दुखणं पन्नाशीत का उपटतं? सर्वांत मान्य स्पष्टीकरण असं, की इतका पसारा पोसणं त्या चेतापेशीला कायमचं जमत नाही. दशकांनंतर तिचे लांबचे फाटे एकेक करून गळू लागतात, आणि ज्यांना एकदा आसरा मिळाला होता ते तंतू पुन्हा पोरके होतात. त्यात वयाने थोड्याफार चेतापेशी सगळ्यांच्याच कमी होतात. इतरांना ते जाणवत नाही. इथे एक गेली की तिच्याबरोबर पाच जणींचं काम जातं.

म्हणून जिममध्ये जाऊन बैठका वाढवू नका. ज्या उंदरांच्या स्नायूंतल्या बहुतेक नसा काढल्या होत्या, त्यांना रोज तासन्‌तास पळवल्यावर नवे फाटे वाढण्याऐवजी कमी झाले. पण अंथरूण धरायचं असंही नाही, त्याने उरलेला स्नायूही जातो. हलका व्यायाम, थोडा थोडा, मधे विश्रांती घेऊन. जमलं तर पाण्यात. दुसऱ्या दिवशीही पाय भरून आलेला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, असं समजा आणि कमी करा. तलावपाळीला एका दमात फेरी मारण्यापेक्षा बाकावर दोनदा बसून मारलेली चांगली. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा पट्ट्यांचा आधार, परत लावायला सांगितलं की बहुतेकांचे डोळे भरतात. तरी मी आग्रह धरते, कारण पडून मांडीचं हाड मोडलं तर या पायाला उभं करणं फार कठीण जातं. आणि नवा अशक्तपणा आला की आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. थायरॉईड, मणक्यात दबलेली नस, साखर, यांचंही निदान व्हायला हवं. सगळंच पोलिओच्या खात्यावर टाकू नका.